बाईंच्या आत्याबाई

१९८६ च्या लग्नसराईत, एका मंगळवारी, ठाण्याहून निघणाऱ्या आमच्या सायंदैनिकाच्या तिसऱ्या पानावर शुभविवाहाची एक चौकट छापून आली. वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' होतं. वराच्या नावामागे 'चि.' हवं होतं, तिथे 'कै.' होतं. वर त्या वेळी दिवा स्टेशनाजवळच्या आपल्या गावात अंगाला हळद लावून बसला होता. चौकटीचं प्रूफ बाईंनी वाचलं होतं आणि प्रुफाच्या कोपऱ्यात त्यांची सही होती.

बाई म्हणजे आमच्या मुद्रितशोधक. वय पंचेचाळिशीच्या आसपास, संस्कृत घेऊन बी. ए., लग्न केलेलं नाही, मुक्काम डोंबिवलीत भावाकडे. कचेरीत संपादकांपासून खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरपर्यंत सगळे त्यांना बाई म्हणत. मी उपसंपादक म्हणून रुजू झालो त्या दिवशी माझं टेबल त्यांच्या टेबलाला लावलेलं होतं. त्यांनी मान वर केली, मला बसायला सांगितलं आणि स्वतःची ओळख करून दिली.

"मी मनाच्या आजारासाठी गोळी घेते. तिच्यामुळे तोंड कोरडं पडतं, दुपारी डुलकी लागते आणि पटकन उभी राहिले तर चक्कर येऊन पडते. पडले तर तोंडावर पाणी मारू नकोस. प्रूफं भिजतात."

हे त्यांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्या काळात ठाण्यात किंवा डोंबिवलीत कुणी मनाच्या डॉक्टरकडे जात असेल तर शेजाऱ्यांना दाताच्या डॉक्टरचं नाव सांगत असे. बाई कुणालाही खरा पत्ता सांगत. ठाण्याच्या तलावाजवळ दवाखाना, दुसरा मजला, जिना अंधारा आहे, कठडा धरून चढा.

गोळीचं नाव अमिट्रिप्टिलिन. बाई तिला आत्याबाई म्हणत. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "आत्याबाई राहायला आल्या की घर चकाचक होतं. दिवाबत्ती वेळेवर, भांडी जागच्या जागी. पण घरातल्या प्रत्येकाला काही ना काही ऐकून घ्यावं लागतं. माझ्या तोंडाला, पोटाला, डोळ्यांना ऐकून घ्यावं लागतं."

आत्याबाई येण्याआधीचं बाईंनी एकदाच सांगितलं, तेही जेवणाचा डबा उघडता उघडता. भावाच्या घरी त्या एक अख्खा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. वेणी वहिनी घालायच्या, घास वहिनी भरवायच्या. जगण्यात अर्थ नाही असं वाटायचं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अर्थाचं सोड. चादर जड वाटायची." गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांना वहिनींच्या फोडणीचा वास आला आणि त्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाईंच्या हिशेबात गोळीची जमेची बाजू तिथून सुरू होत असे.

दुसरी बाजू आम्हाला रोज दिसायची. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि आवळासुपारीची डबी कायम असायची. फोनवर बोलताना जीभ टाळ्याला चिकटून 'टक्' असा आवाज यायचा. जानेवारीतही त्यांना घाम फुटे आणि त्या पंखा लावत. मग पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी उठून तो बंद करी, बाई पुन्हा लावत. कंपॉझिटर गॅलीप्रूफ, म्हणजे रकान्याएवढी लांब कच्ची छपाई, घेऊन वर आला की आधी विचारायचा, "बाई, आज आत्याबाई खूश का?"

"आत्याबाई खूश. पोट चार दिवस नाराज."

"मग पपई खा."

"खाल्ली. तीही आत जाऊन बसली."

उठण्याची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. या गोळीने बसलेला माणूस एकदम उभा राहिला तर डोक्याकडे जाणारं रक्त खाली राहतं आणि तोल जातो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेवर बसा, थोडं थांबा, मग उठा. थोडं म्हणजे किती, हे बाईंना पुरेसं नेमकं वाटलं नाही. त्यांनी माप ठरवलं. खुर्चीच्या कडेवर सरकायचं, पाय जमिनीला टेकवायचे आणि आमच्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक टायपात असलेली ओळ पूर्ण म्हणायची. मुद्रक-प्रकाशकांचं नाव घेऊन, "यांनी मालकांकरिता ठाणे येथे छापून तेथेच प्रसिद्ध केले. या अंकात प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही." त्यानंतर दोन शब्द पदरचे, "अंक निघाला." आणि मग उभं राहायचं. संपादक खोलीतून "बाई!" अशी हाक मारत आणि ओळ संपेपर्यंत थांबत. शेवटचं वाक्य कानावर पडलं की कधीकधी आतूनच ओरडत, "नाहीच आहे सहमत! या लवकर!"

आमच्याकडे दर आठवड्याला एक सदर देणारे गृहस्थ होते. बाईंच्या तांब्या-डबीचं कारण ऐकून ते एकदा म्हणाले, "गोळ्या कसल्या घेता? मन खंबीर पाहिजे माणसाचं."

बाईंनी त्यांच्या हातात त्यांच्याच सदराचं प्रूफ दिलं. "चष्मा काढा," त्या म्हणाल्या, "आणि हे खंबीरपणे वाचा."

चष्म्याचा विषय त्यांच्या तोंडी यायला कारण होतं. त्या वर्षीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं होतं आणि बाईंना जवळची अक्षरं विरघळल्यासारखी दिसू लागली होती. लांबचं स्वच्छ दिसे. समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येई, हातातली गॅली वाचता येत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून डोळ्यांत रोग नसल्याचं सांगितलं, गोळीने होतं असं म्हणाले. बाई प्रूफ हात लांब करून वाचू लागल्या. अनुस्वार, वेलांट्या, मात्रा अंदाजाने ओळखू लागल्या. 'चि.' आणि 'कै.' दोन्हींत एक अक्षर, वर काहीतरी वळण, पुढे टिंब. निधनवार्तांचा रकाना शेजारीच जुळवला जात होता आणि त्यातला तयार 'कै.' उचलला गेला होता. चूक जुळणीत झाली. ती पकडण्याची जबाबदारी बाईंची होती.

बुधवारी सकाळी वराचे वडील आले. खाडीकाठच्या कोळी कुटुंबातले, अंगाने आडवे, हातात अंकाची घडी. त्यांच्यामागे हळदीच्या कपड्यांतले चार नातेवाईक.

"पोऱ्या जित्ता हाय आमचा," ते म्हणाले, "आन् तुमी त्याला मेलेला छापलाय. बायकांनी रडारड लावलीय घरान. नवरीची आजी बोलते, ह्यो अपशकून, लगीन मोडा."

संपादक काहीतरी बोलणार तेवढ्यात बाईंची ओळ ऐकू येऊ लागली. यांनी मालकांकरिता ठाणे येथे छापून. पाहुणे चकित होऊन ऐकत राहिले. ओळ संपवून बाई उभ्या राहिल्या.

"प्रूफ मी वाचलं. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "आज पहिल्या पानावर दुरुस्ती देतो. आणि नवरीच्या आजीला सांगायला मी स्वतः येते."

त्या गेल्या. रिक्षाने, कंपॉझिटरला बरोबर घेऊन. आजीला काय सांगितलं ते त्याने परतल्यावर आम्हाला सांगितलं. बाई आजीसमोर बसून म्हणाल्या होत्या, "मला जवळचं दिसत नाही, आजी. तुमचा नातजावई मला लांबून स्वच्छ दिसतोय. चांगला धडधाकट आहे." आजी हसली. लग्न ठरलेल्या वेळी लागलं.

कचेरीत प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. संपादकांनी बाईंना महिन्याची मुदत दिली. अक्षर दिसत नसेल तर प्रुफाचं टेबल सोडून वितरणाच्या टेबलावर बसा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते रागाने बोलले नाहीत. पण वितरणाच्या टेबलावर गठ्ठ्यांना सुतळी बांधायचं काम असे आणि बाईंनी वीसेक वर्षं प्रुफाशिवाय दुसरं काही केलेलं नव्हतं. डॉक्टरांनी सुचवलं की प्रमाण पुन्हा हळूहळू खाली आणू, वाचायला जादा नंबरचा चष्मा वापरून बघा, नाहीतर याच घराण्यातली दुसरी गोळी देऊन बघू, मात्र कशालाही वेळ लागेल. बाईंकडे महिना होता. त्यांनी कुणालाही न विचारता गोळी बंद केली. मला सांगितलं ते प्रुफाच्या भाषेत.

"आत्याबाईंवर काट मारली."

पहिले काही दिवस मळमळ आणि जागरण झालं. मग डोळे परत आले. मुदत संपायच्या आत त्या पूर्वीसारखं वाचू लागल्या. तोंड ओलं, पोट शांत, घाम इतरांइतकाच. उठताना ओळ म्हणायचीही गरज उरली नाही. संपादकांनी हाक मारली की त्या ताडकन उभ्या राहत. मे-जूनमध्ये त्यांच्या सहीने गेलेल्या पानांत मला एक चूक सापडली नाही. संपादकांनी चहा मागवला.

जुलैच्या अखेरीस त्यांनी आवळासुपारीची डबी घरी नेली. ऑगस्टमध्ये कंपॉझिटरच्या प्रश्नाला उत्तर देणं थांबलं. प्रूफं पूर्वीइतकीच स्वच्छ होती, फक्त परत यायला वेळ लागे. एकच गॅली तास तास समोर पडून राही. गणपतीच्या सुट्टीनंतर त्या कामावर आल्या नाहीत. आठवड्याने त्यांच्या वहिनी कचेरीत आल्या. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत एकट्या येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"ताई उठतच नाहीत हो," त्या म्हणाल्या. "पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्यात. माझं ऐकत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या या मुलाचं नाव सारखं घेतात, त्याला प्रूफ दिलं का, म्हणून विचारतात."

मी आणि कंपॉझिटर दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला गेलो. बाई पलंगावर होत्या. आमच्याकडे पाठ होती. कंपॉझिटर दाराशीच थांबला, मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसलो. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या.

"डोळे एकदम स्वच्छ आहेत रे. भिंतीचा एकेक पोपडा दिसतो."

कंपॉझिटर दारातून म्हणाला, "बाई, काट मारलेलं चुकून मारलं असलं तर खाली ठिपके देतात ना? तुम्हीच शिकवलंय."

छपाईच्या कामात एखादा शब्द खोडला आणि तो बरोबरच होता असं कळलं, तर त्याच्याखाली ठिपके देतात. म्हणजे जुळणाऱ्याने समजायचं की शब्द होता तसा राहू द्या. बाई हसल्या नाहीत. कुशीवर वळून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वहिनींना म्हणाल्या, "उद्या ठाण्याला जाऊ. तुम्ही बरोबर या."

डॉक्टरांनी या वेळी त्याच घराण्यातली दुसरी गोळी, इमिप्रामिन, दिली; बाईंच्या लेखी तीही आत्याबाईच. आधी थोडं, मग चढत्या क्रमाने. गोळ्यांची पाकिटं वहिनींच्या कपाटात राहतील, बाईंनी वहिनींकडून रोज मागून घ्यायच्या, आणि डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कमी, जास्त किंवा बंद करायच्या नाहीत, असं ठरलं. वहिनींनी ते इतकं मनावर घेतलं की गोळी तोंडात टाकून पाणी पिऊन झाल्यावरही त्या समोर उभ्या राहत. दिवाळी झाल्यावर बाई कामावर आल्या. डबी परत आली, तांब्या परत आला, ओळ परत आली. तोंड पूर्वीइतकं कोरडं पडत नव्हतं. पंखा मात्र लागत होता. आणि जवळची अक्षरं थोडी सुधारली असली तरी बारीक टाइप अजूनही पुसट दिसत होता.

त्यांनी संपादकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "डोळ्यांच्या आड गोळी येते, कानांच्या आड येत नाही. याला वाचू द्या. मी ऐकते."

'याला' म्हणजे मला. त्या दिवसापासून मी बाईंना प्रूफ मोठ्याने वाचून दाखवू लागलो. शब्द वाचून भागत नसे, चिन्हंही वाचावी लागत. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, रफार, अनुस्वार, टिंब, अवतरण सुरू, अवतरण बंद. श आणि ष कानाला सारखे म्हणून 'शेंडीफोड्या' आणि 'पोटफोड्या' असं सांगावं लागे. बाई डोळे मिटून, मूळ मजकूर मांडीवर पालथा ठेवून ऐकत. मध्येच बोट वर करत. "मागे जा. 'दीर्घ'मधली वेलांटी तू कोणती म्हणालास?" आत जाता येता संपादक म्हणत, "प्रूफ चाललंय की पोथी?" पण त्यांनी वितरणाचं टेबल पुन्हा कधी काढलं नाही. मला शुद्धलेखन जे काही येतं ते त्या वाचनात आलं. पुढे मुंबईच्या एका मोठ्या दैनिकाने मला घेतलं ते त्याच जोरावर, आणि तिथल्या पहिल्या दिवशी मी प्रूफ मोठ्याने वाचायची बाईंचीच पद्धत वापरली.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने वराचे वडील पुन्हा कचेरीत आले. या वेळी एकटेच. नातू झाला होता, बारशाची चौकट द्यायची होती. मजकूर त्यांनी माझ्या हातात दिला नाही. बाईंच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले.

"छापायच्या आदी माझ्यासमोर वाचा. मोठ्यान."

प्रूफ येईपर्यंत ते बसून राहिले. आलं तसं मी वाचलं, "चि. 'च'ला पहिली वेलांटी, टिंब."

"टिंब बी वाचतां?"

"टिंबसुद्धा," बाई म्हणाल्या. "टिंबाच्या आधी काय आहे यावरून तुमचं-आमचं भांडण झालं होतं."

ते हसले. मग तांब्याकडे, डबीकडे बघून त्यांनी विचारलं, "तवा ती चुकी कशी झाली?"

बाईंनी सांगितलं. मनाचा आजार, गोळी, डोळे. काही लपवलं नाही.

"म्हंजे गोलीन चुकी झाली."

"गोळीने चूक झाली," बाई म्हणाल्या. "आणि गोळी सोडली तेव्हा मी अंथरुणातून उठले नाही. दोन्ही खरं आहे."

त्यांनी तांब्या बाईंकडे सरकवला. "मंग घेत ऱ्हावा," म्हणाले. "फकस्त आमचे नातवाचं नीट लिवा."

चौकट बिनचूक छापली गेली.

१९९१ मध्ये, मी अजून सायंदैनिकातच असताना, कल्याणला आमच्या घरी आईने बोलणं कमी केलं. वडील जाऊन वर्ष झालं होतं, आम्ही ते दुःख समजलो. मग जेवण थांबलं, मग अंघोळ. आई दिवसभर पलंगावर बसून पदराचा काठ बोटाला गुंडाळत असे. कुठे जायचं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तलावाजवळ, दुसरा मजला, जिना अंधारा आहे, कठडा धरून चढा. आईला मी तसंच नेलं. तोवर बाजारात नव्या घराण्याच्या गोळ्या येऊ लागल्या होत्या, पण डॉक्टरांनी आईची झोप आणि भूक बघून जुनीच दिली.

चौथ्या दिवशी आईने गोळी थुंकली. "तोंडाचं वाळवंट झालंय. उठले की घर फिरतं. बरं काहीच वाटत नाही. मला नको हे."

मी बाईंना सांगितलं. रविवारी त्या डोंबिवलीहून कल्याणला आल्या. आईला त्यांनी धीर वगैरे दिला नाही. पलंगाच्या कडेवर तिच्या शेजारी बसल्या, आवळासुपारीची डबी उघडून तिच्यापुढे धरली.

"हे बघा, या गोळीचा त्रास पहिल्या पानावर छापून येतो. फायदा आतल्या पानावर येतो आणि तोही दोन-तीन आठवडे उशिरा. मधल्या दिवसांत माणूस पहिलं पान वाचून अंक फेकून देतो. तुम्ही फेकू नका. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. पण मनाने सोडू नका. मी सोडली होती."

"मग काय झालं?" आईने विचारलं. कित्येक दिवसांत तिने कुणाला प्रश्न विचारला नव्हता.

"पोपडे मोजले," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आईला उठायचं शिकवलं. कडेवर बसा, पाय टेकवा, ओळ म्हणा, मग उभ्या राहा.

"रामरक्षा म्हटली तर नाही का चालणार?"

"नाही. रामरक्षा तुम्हाला पाठ आहे, भरभर म्हणून उठाल. ही आठवून म्हणावी लागेल, म्हणून सावकाश होईल."

त्यांनी आमच्या सायंदैनिकाचं शेवटचं पान आईच्या उशाशी ठेवलं. आईने ती ओळ आठवडाभर अडखळत वाचली. 'सहमत असतीलच असे नाही' इथे ती नेहमी थांबायची आणि म्हणायची, "म्हणजे कोण सहमत नाही?" तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने चहात आलं कमी पडल्याची तक्रार केली. मी त्या दिवशी कचेरीत पोहोचताच बाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं प्रूफ खाली ठेवलं. "आतलं पान आलं," म्हणाल्या आणि पुन्हा प्रूफ उचललं.

आईने गोळी डॉक्टरांनी सांगितलं तितका काळ घेतली आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करत बंद केली. बाईंना डॉक्टरांनी एकदा नवी गोळी देऊ केली. तिने तोंड कोरडं पडत नाही म्हणाले. बाईंनी विचार करून नकार दिला. "आत्याबाईंची खोड मला माहीत झालीय. त्यांनाही माझी."

सायंदैनिक १९९७ मध्ये बंद पडलं. शेवटच्या अंकाचं शेवटचं पान मी मुंबईहून मुद्दाम येऊन बाईंना वाचून दाखवलं, तळाच्या ओळीसकट. त्यानंतर भाऊ-वहिनींबरोबर त्या आंबिवलीच्या नव्या घरी राहायला गेल्या. तिथे त्या शेजारच्या मुलांचं शुद्धलेखन ऐकून तपासतात. गोळी चालू आहे.

आई कल्याणलाच असते. तिची गोळी बंद होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या रविवारी मी तिच्याकडे होतो. सकाळी ती पलंगाच्या कडेवर सरकली, पाय जमिनीला टेकवले, मुद्रक-प्रकाशकांचं नाव घेतलं, मालकांकरिता ठाणे येथे छापून तेथेच प्रसिद्ध केल्याचं सांगितलं, संपादक सहमत असतीलच असे नाही म्हणाली. मग "अंक निघाला" म्हणाली आणि उभी राहिली.